फुफ्फुसातल्या छोट्या गाठीची बायोप्सी सोनोग्राफीवर होते का?

निफाडकर:
आमचे अण्णा, वय ६४, द्राक्षबागेत आयुष्य गेलं. खोकला महिनाभर थांबेना म्हणून नाशिकला सीटी केला तर उजव्या फुफ्फुसात १४ मिमीची गाठ निघाली. एक डॉक्टर म्हणतात सीटीवर बघत सुई घालू, दुसरे म्हणतात सोनोग्राफीत दिसली तर तिथूनच तुकडा काढू. मला तर सोनोग्राफी म्हणजे पोटाची एवढंच माहीत. अण्णा रात्री विचारत होते, सुईने फुफ्फुसाला भोक पडतं का रे, काय सांगू त्यांना?

गंगापूर रोड:
दादा मी सोनोग्राफी विभागातच काम करतो. आधी रिपोर्ट काढून बघा, गाठ प्लुराला, म्हणजे फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणाला टेकलेली आहे का. सगळं त्यावर आहे. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत आणि फुफ्फुस म्हणजे हवाच, त्यामुळे गाठ आणि छातीची भिंत यांच्यात थोडंसं जरी चांगलं फुफ्फुस आलं तरी स्क्रीनवर गाठ दिसतच नाही, मग सीटीच लागतो. पण टेकलेली असेल तर सुईचं टोक गाठीत शिरताना लाइव्ह दिसतं, श्वासाबरोबर गाठ वरखाली सरकते तेही दिसतं, रेडिएशन नाही, आणि सुई हवेच्या भागातून जात नसल्याने हवा गळून फुफ्फुस दबायचा धोका बराच कमी होतो. शून्य नाही होत, हे अण्णांना खरं सांगा.

सातपूरची ताई:
माझ्या आईची गाठ आत होती. तिला घशातून दुर्बीण घालून बारीक सोनोग्राफीचा प्रोब नेला होता, त्याला रेडियल ईबस म्हणतात. आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते पुढचं, एका ठिकाणी सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनात टाकला, कॅन्सर निघाला नाही, मग टीबी असेल म्हणाले, पण फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी होत नाही. आईला परत तेच सगळं. तुम्ही आधीच हात जोडून सांगा की थोडा तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवा, टीबीसाठी.

निफाडकर:
रिपोर्टमध्ये प्लुराला टेकलेली असंच लिहिलंय!! ताई तुमचं वाक्य फाइलवरच लिहून ठेवलं. अण्णांना स्टेंट आहे, इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे, ती बंद करू का?

गंगापूर रोड:
स्वतःहून अजिबात नको, स्टेंट आहे ना. हृदयाच्या डॉक्टरांना आणि बायोप्सीवाल्यांना दोघांना विचारा. नंतर काही तास थांबवून एक्स-रे काढतात, तरी ती रात्र नाशिकलाच कोणाकडे तरी मुक्काम करा, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच नेता येईल. आणि अण्णांना आत्तापासून सांगितल्यावर श्वास धरायचा सराव करू द्या, सुई आत असताना खोकला आला तर अवघड होतं, म्हणून खोकल्याचंही आधीच सांगून ठेवा.