मदत हवी आहे : मानेच्या दुखण्यासाठी तुईना (चिनी वैद्यकातील मालीश) घ्यावे का? पहिल्या वेळी नेमके काय करतात?

नमस्कार. मी दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त शांघायमध्ये राहते. गेले चार महिने माझी मान आणि उजवा खांदा सतत अवघडलेला असतो आणि अधूनमधून अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती किंचित पुढे आलेली दिसली. मज्जारज्जूवर मात्र दाब नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी व्यायाम दिला आहे आणि त्याच्या जोडीला चिनी वैद्यकाच्या रुग्णालयातील तुईना विभागात जाण्यास हरकत नाही, असेही सांगितले आहे.

माझी अडचण भीतीची आहे. मालीश म्हटले की मला बाळंतपणात घरी येणाऱ्या मावशी, कोमट तेल आणि नंतरची कढत पाण्याची अंघोळ आठवते. इथे मात्र मागच्या महिन्यात घराजवळच्या एका दुकानात गेले असता तिथल्या माणसाने काही न विचारता, न सांगता माझी मान झटक्याने वळवली. कडकन आवाज झाला आणि पुढचे दोन दिवस मला गरगरत होते. रुग्णालयातही असेच करतात का, नको असेल तर ते सांगता येते का, आणि दुखणे किती सोसावे, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे. पुढच्या महिन्यात माझी आई नाशिकहून येणार आहे. ती 67 वर्षांची असून रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते. गुडघ्यांसाठी तिलाही तुईना घ्यायचे आहे. तिला न्यावे का?

प्रतिसाद :

आपली भीती रास्त आहे. मी बीजिंगमध्ये असताना कंबरदुखीसाठी बरेच महिने तुईना घेतले, त्या अनुभवावरून लिहितो.

‘तुई’ म्हणजे ढकलणे आणि ‘ना’ म्हणजे पकडून उचलणे. या विद्येचे जुने नाव ‘आनमो’. ‘तुईना’ हा शब्द चीनमधील मिंग राजघराण्याच्या काळात (चौदावे ते सतरावे शतक), मुख्यतः लहान मुलांवरच्या उपचारांच्या संदर्भात रूढ झाला. रुग्णालयात आधी नावनोंदणी करावी लागते, मग डॉक्टर अहवाल पाहतात, मान कुठवर वळते ते तपासतात आणि त्यानंतरच हात लावतात. तेल बहुधा नसतेच. अंगावर कपडे तसेच ठेवून वर सुती कापड पसरतात आणि त्यावरून साधारण वीस ते तीस मिनिटे काम चालते. मानेसाठी सहसा ‘गुन’ ही पद्धत वापरतात. तिच्यात करंगळीच्या बाजूने हाताची पालथी बाजू खांद्यावर लाटण्यासारखी मागेपुढे फिरते, मिनिटाला सुमारे 120 ते 160 वेळा. ही पद्धत 1940 च्या दशकात आपल्या शांघायमध्येच तुईनातज्ज्ञ दिंग जीफंग यांनी घडवली, त्यामुळे तिथे ती जाणणारे हात आपल्याला सहज भेटतील.

दाबाखाली एक जडसर, ठणकल्यासारखी पण हवीशी वाटणारी कळ येते. ती अपेक्षित असते. श्वास रोखून धरावा लागेल किंवा हातात वीज गेल्यासारखे होईल, असे दुखणे मात्र सोसू नये. ‘छिंग यीद्येन’, म्हणजे ‘जरा हलक्या हाताने’, एवढे म्हटले तरी पुरते. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते आणि ते एक-दोन दिवसांत ओसरते.

मान झटक्याने वळवणे हा तुईनाचा एक भाग आहे, पण तो अनिवार्य नाही, आणि आपण तो स्पष्टपणे नाकारावा असे माझे ठाम मत आहे. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळ असली तरी आपल्याला एकदा गरगरले आहे, त्यामुळे ती घटना आधी अस्थिरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला आणि त्यांनी होकार दिल्यावरच तुईनाला जा. चिनी सहकाऱ्याकडून ‘मानेला झटका देऊ नये’ असे कागदावर लिहून घेतले, तर भाषेमुळे घोटाळा होणार नाही. हाताची पकड सुटू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा कमी झाला, तर तुईना बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. तुईनाने स्नायू सैल होतात, दुखणे हलके होते. पुढे आलेली चकती हाताने जागेवर बसवता येते, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नये.

आईंना त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. त्या गोळीवर असताना जोराच्या दाबाने त्वचेखाली किंवा स्नायूत रक्त साकळू शकते, आणि या वयात हाडे ठिसूळ आहेत का, तेही पाहावे लागेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद :

मनापासून आभार. सहकारी मैत्रिणीकडून ते वाक्य आजच लिहून घेतले. गरगरण्याची गोष्ट मी तज्ज्ञांना सांगितलीच नव्हती. त्यांची वेळ परवाची मिळाली आहे, त्यामुळे तुईनाची नोंदणी पुढच्या आठवड्यावर ढकलली. आईलाही फोनवर समजावले आणि तिने ऐकले. एकच विचारायचे राहिले : जाण्यापूर्वी जेवावे की उपाशी जावे?

प्रतिसाद :

दोन्ही नको. हलके खाऊन तासाभराने जावे, सैल सुती कपडे घालावेत आणि एमआरआयचा अहवाल बरोबर न्यावा.