ग्रीसच्या इतिहासातली मधली दोन हजार वर्षं कुठे गेली?

कोरा कागद

मंडळी, ग्रीसबद्दल जे काही वाचायला मिळतं ते साधारण असं: मॅरेथॉन, सलामिस, पेरिक्लिस, सॉक्रेटिसचा विषाचा प्याला, मग अलेक्झांडर. इ.स.पू. ३२३ला तो बॅबिलोनमध्ये वारला की पडदा. पुन्हा उघडतो तो थेट १८९६च्या ऑलिंपिकला, नाहीतर २०१०च्या कर्जसंकटाला. मध्ये रोमनांनी जिंकलं, तुर्कांनी जिंकलं, बस, दोन ओळी. इतकी शतकं ती माणसं करत काय होती? आणि आजच्या ग्रीकांना त्या काळाचं काही वाटतं का? सनावळी नको, ती कुठेही मिळते. तिकडे राहिलेलं कुणी आहे का इथे?

तिरकस

सोपं उत्तर: मूळचे ग्रीक संपले. सहाव्या-सातव्या शतकात स्लाव टोळ्या उतरल्या, नंतर अल्बेनियन येऊन वसले. आज तिथे जे राहतात त्यांचा पेरिक्लिसशी संबंध पर्यटन खात्याच्या जाहिरातीपुरता. धागा बंद करायला हरकत नाही.

नांगर उचला

तिरकसराव, तुमच्या आधी १८३०मध्ये फालमेरायर नावाच्या जर्मन इतिहासकाराने हेच मांडलंय, तेही ग्रीसचं नवं राज्य कागदावर येत असताना. ग्रीक लोक अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात. स्लाव आले हे खरंच आहे. पण काही पिढ्यांत तेही ग्रीक बोलू लागले, त्याच चर्चमध्ये जाऊ लागले. १८२१च्या उठावात ज्या हायड्रा बेटाच्या जहाजांनी तुर्की आरमाराला जेरीस आणलं, तिथल्या कप्तानांच्या घरात अल्बेनियन बोली चालायची. त्यांना ‘तुम्ही ग्रीक नाही’ असं सांगायची कुणाची टाप होती? रक्त तपासून इतिहास ठरवायचा म्हटलं तर युरोपातला एकही देश पास होणार नाही.

कोरा कागद, आता तुमचा प्रश्न. मी जहाजांवर इंजिनीअर आहे. मालक ग्रीक, त्यामुळे अथेन्सला आणि त्याच्या बंदरात, पिरेयसला, मुक्काम पडत राहतो. जहाज दुरुस्तीला लागलं आणि सुटे भाग यायचे असले की वेळच वेळ असतो, तो मी पायी भटकण्यात घालवतो. तेव्हा हे विद्वानाचं नाही, भटक्याचं उत्तर समजा. मधली वर्षं हरवलेली नाहीत, खरवडून काढलेली आहेत. आणि हे काम तुर्कांनी केलं नाही, नव्या ग्रीक राज्याने केलं.

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर गेलात की पार्थेनॉन या प्राचीन देवळाचे खांब आणि वर मोकळं आकाश दिसतं. वाटतं, पेरिक्लिसने बांधल्यापासून हे असंच उभं असणार. प्रत्यक्षात इ.स.पू. ४३८मध्ये आत अथीनाची मूर्ती बसली, आणि पुढे ख्रिस्ती धर्म आल्यावर, देऊळ म्हणून ही वास्तू जितकी वर्षं होती जवळपास तितकीच वर्षं ती मेरीचं चर्च म्हणून नांदली. १०१८मध्ये बल्गेरियन राज्य संपवून बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा, सम्राट बेसिल दुसरा मुद्दाम अथेन्सला आला, तो याच चर्चमध्ये आभार मानायला. १२०४च्या धर्मयुद्धात पश्चिमेकडच्या ख्रिस्ती फौजांनी त्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) लुटली आणि अथेन्स आधी बर्गंडीच्या सरदारांकडे, १३११मध्ये कॅटलन भाडोत्री सैनिकांकडे आणि शतकाच्या शेवटी फ्लॉरेन्सच्या आच्चायोली घराण्याकडे गेलं. सॉक्रेटिसच्या गावात इटालियन ड्यूक राहत होते, आणि राहत होते ते अक्रोपोलिसच्या प्रवेशद्वारातच, त्याचा वाडा करून. नंतर तुर्क आले, पार्थेनॉनची मशीद झाली, मिनार उभा राहिला. २६ सप्टेंबर १६८७ला व्हेनिसच्या तोफेचा गोळा आतल्या दारूसाठ्यावर पडला आणि मधला भाग उडाला. त्या भग्न भिंतींच्या आत पुढे एक छोटी मशीद बांधली गेली, आजूबाजूला घरं होती, वस्ती होती.

हे सगळं कुठे गेलं? १८३३मध्ये शेवटची तुर्की शिबंदी खाली उतरली. नव्या देशाला राजा दिला होता तो बव्हेरियाचा ओटो, ग्रीसला उतरला तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा. १८३४मध्ये त्याला समारंभाने वर नेलं आणि क्लेंझे या बव्हेरियन वास्तुविशारदाच्या सल्ल्याने ठरलं की प्राचीन तेवढं ठेवायचं, बाकी साफ. घरं गेली, मशीद गेली. प्रवेशद्वारावरचा मध्ययुगीन उंच बुरूज सगळ्यात शेवटी, १८७५मध्ये पाडला, आणि खर्च कुणी दिला तर ट्रॉय खणणाऱ्या श्लीमानने. आज आपण फोटो काढतो ते मोकळं आकाश एकोणिसाव्या शतकात तयार झालेलं आहे. खालच्या एर्मू रस्त्यावर काप्निकारेआ नावाचं अकराव्या शतकातलं चर्च आहे ना, बरोबर रस्त्याच्या मध्ये? नव्या आखणीत तेही जाणार होतं. ओटोच्या वडिलांनी, राजा लुडविगने, मध्ये पडून वाचवलं. आता त्याच्या दोन्ही बाजूंनी कपड्यांच्या दुकानांची गर्दी वाहते.

स्पार्टाचं तर याहून भारी. स्पार्टाजवळ डोंगरउतारावर मिस्त्रास नावाचं गाव आहे. बायझंटाईन साम्राज्याच्या शेवटच्या दोनशे वर्षांत तिथे चित्रांनी भरलेली चर्चं होती, राजवाडा होता, प्लेटोचा अभ्यास नव्याने सुरू करणारा प्लेथॉन तिथेच शिकवायचा. १४५३ला कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर लढता लढता मेला तो शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाईन, त्याला १४४९मध्ये सम्राट घोषित केलं तेही मिस्त्रासमध्येच. तुर्की काळातही गाव चालू होतं. १८३४मध्ये ओटो सरकारने खाली मैदानात, प्राचीन जागेवर, सरळ रस्त्यांचं नवं स्पार्टा आखलं आणि मिस्त्रासची माणसं हळूहळू तिकडे गेली. प्राचीन स्पार्टाचा लढवय्या राजा लिओनिदास हवा होता, प्लेथॉन नको होता. गावांच्या नावांचंही तसंच केलं: झितूनीचं लामिया, सालोनाचं आम्फिसा, वोस्तित्साचं एगिओ.

कोरा कागद

हे कुठेच वाचलं नव्हतं. पण मग तुर्की काळात नेमकं काय चाललं होतं? चारशे वर्षं गुलामी, असंच सगळीकडे लिहिलेलं दिसतं.

नांगर उचला

गुलामी होती, नाही कसं म्हणू. ख्रिश्चनांना वेगळा कर होता, काही काळ गावागावांतून पोरं उचलून सुलतानाच्या खास जानिसारी फौजेत भरत. पण नुसतं तेवढंच असतं तर १८२१ला लढायला जहाजं कुठून आली? हा माझा आवडता भाग आहे, जरा लांबेल.

१७७४मध्ये रशियाने तुर्कांना हरवून कुचुक कायनार्जाचा तह लादला. त्यानंतर ग्रीक कप्तान रशियाचा झेंडा लावून काळ्या समुद्रात जाऊ लागले, तिथल्या ओडेसा या रशियन बंदरातला गहू भूमध्य समुद्रात विकू लागले. नेपोलियनच्या लढायांत ब्रिटिशांनी नाकेबंदी केली, तेव्हा तर ती फोडून माल पोचवणाऱ्यांची चांदीच झाली. हायड्रा म्हणजे नुसता खडक, पाण्याची बोंब, पण बंदराभोवती दगडी वाडे उभे आहेत ते या पैशाचे. आणि समुद्रात उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांची भीती, म्हणून व्यापारी जहाजांवरही तोफा असायच्या. म्हणजे हायड्रा, स्पेत्सेस, प्सारा या तीन बेटांकडे आयतं आरमार तयार होतं, फक्त झेंडा बदलायचा बाकी होता. उठावाची गुप्त संघटना ‘फिलिकी एतेरिया’ १८१४मध्ये तीन ग्रीकांनी काढली, तीही ग्रीसमध्ये नाही, ओडेसात. धंदा होता तिथे.

१८२२मध्ये तुर्कांनी खिओस बेटावर भीषण कत्तल केली. जूनमध्ये प्साराचा कनारिस रात्री दारूगोळ्याने भरलेलं पेटतं जहाज घेऊन गेला आणि तुर्की सरसेनापतीचं मुख्य जहाज उडवून आला. हाच कनारिस पुढे देशाचा पंतप्रधान झाला, एकदा नाही, अनेकदा. आणि माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी खास: ग्रीकांनी लंडनमध्ये बांधून घेतलेली ‘कार्तेरिया’ ही लढाईत उतरलेल्या जगातल्या अगदी पहिल्या वाफेच्या युद्धनौकांपैकी एक. तिचं इंजिन सतत बिघडायचं. वाचून मला फार बरं वाटलं.

शेवटी निकाल लागला तो २० ऑक्टोबर १८२७ला नवारिनोच्या उपसागरात. ब्रिटन, फ्रान्स, रशिया यांच्या आरमारांनी तुर्की-इजिप्शियन ताफा एका दुपारीत संपवला. त्या तिघांनी मग राजाही बाहेरून आणून बसवला आणि हिशोबाची वहीही आपल्याकडे ठेवली. हे लक्षात ठेवलं तर २०१० समजायला सोपं जातं.

एक गोष्ट ग्रीक मित्र टाळतात. ऑक्टोबर १८२१मध्ये दक्षिण ग्रीसमधलं त्रिपोलित्सा हे तुर्की ठाणं पडलं तेव्हा ग्रीक बंडखोरांनी तिथल्या मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची सरसकट कत्तल केली, बायकापोरांसकट. २५ मार्चच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात खिओस असतं, हे नसतं.

पानगळ

नांगरभाऊ, तुमचं अथेन्सपुरतं पटलं. पण खरवडणं ओटोबरोबर थांबलं नाही. मी उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकीत शिकायला होते, तिथलं सांगते. हे शहर ग्रीसकडे आलं १९१२मध्ये. तोवर तिथला सगळ्यात मोठा समाज ज्यूंचा होता. १४९२मध्ये स्पेनमधून हाकलल्यावर आलेले, चारशे वर्षांनंतरही घरात जुनी स्पॅनिश बोलणारे. आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्कही याच शहरात जन्मला. १९१७मध्ये मोठी आग लागली, जुनं शहर जळालं. १९२३मध्ये मुस्लिम गेले. मार्च १९४३पासून नाझींनी गाड्या भरभरून ज्यूंना ऑशविट्झला पाठवलं, पंचेचाळीस हजारांहून जास्त माणसं, परतली अगदी मोजकी. त्याआधी, डिसेंबर १९४२मध्ये, ज्यूंचं जुनं कबरस्तान उद्ध्वस्त करण्यात आलं. त्या जागेवर आज अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठ आहे. माझे वर्ग तिथेच भरायचे. प्रवेशाच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता. आवारात स्मारक झालं तेही २०१४मध्ये.

शहरात रोटुंडा नावाची गोल इमारत आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची रोमन, मग चर्च, मग मशीद, आता स्मारक. तिच्या शेजारचा मिनार मात्र शाबूत आहे. कुणी पाडला नाही, का ते माहीत नाही, पण बरं झालं.

कोरा कागद

१९२३मध्ये मुस्लिम गेले म्हणजे? स्वतःहून?

नांगर उचला

छे. १९१९मध्ये ग्रीक सैन्य स्मर्नाला उतरलं, आजचं इझमीर. पंतप्रधान वेनिझेलोसला बायझंटाईन साम्राज्य पुन्हा उभं करायचं जुनं स्वप्न पुरं करायचं होतं. सैन्य अंकाराच्या दिशेने वाजवीपेक्षा फार आत गेलं, १९२२मध्ये मोडलं, आणि सप्टेंबरमध्ये स्मर्ना जळालं. १९२३च्या लोझान करारात सक्तीची अदलाबदल ठरली: सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसमध्ये, साडेतीन ते चार लाख मुस्लिम तुर्कस्तानात. कसोटी धर्माची, भाषेची नाही. त्यामुळे मध्य तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियाहून आलेल्या कित्येक ‘ग्रीकांना’ फक्त तुर्की येत होतं, आणि क्रीटहून पाठवलेल्या ‘तुर्कांना’ फक्त ग्रीक. सुमारे पन्नास लाखांच्या देशात इतके निर्वासित म्हणजे विचार करा. पिरेयसजवळचं निकेआ, अथेन्सचं नेआ स्मिर्नी या वस्त्या तेव्हाच्या. आमच्या कंपनीतल्या फोरमनचं घराणं स्मर्नाकडचं. पेरिक्लिसबद्दल विचारलं तर खांदे उडवतो. १९२२ म्हटलं की अर्धा तास बोलतो.

तुम्ही विचारलं होतंत, आजच्या ग्रीकांना मधल्या काळाचं काय वाटतं. इतिहासकार पापारिगोपुलोसने १८६०नंतर बायझंटाईन काळ पुन्हा राष्ट्राच्या गोष्टीत जोडून घेतला, शाळेत आता तोच सलग धागा शिकवतात. सम्राट आणि चर्च परत आत आले. कॅटलन, अल्बेनियन, ज्यू, मुस्लिम बाहेरच राहिले.

तिरकस

रक्ताचा मुद्दा मागे घेत नाही, पण कार्तेरियाचं इंजिन आवडलं. आणि कर्जाचं काय? २०१० पहिल्यांदा नव्हतं ना?

नांगर उचला

नव्हतं. उठावासाठी १८२४-२५ला लंडनमध्ये घेतलेली कर्जंच १८२७मध्ये थकली. १८९३मध्ये पंतप्रधान त्रिकुपिसच्या काळात देशाचं दिवाळं निघालं, तरी तीन वर्षांनी ऑलिंपिक भरवलंच. १८९७मध्ये तुर्कांकडून हरल्यावर परकीय सावकारांची समिती अथेन्समध्ये येऊन बसली आणि मीठ, काडेपेटी, तंबाखू यांचं उत्पन्न वळतं करून घेऊ लागली. १९३२ला पुन्हा थकबाकी. २०१५च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी सावकारांच्या अटींना ‘नाही’ म्हटलं आणि सरकारने आठवडाभरात त्याहून कडक अटी मान्य केल्या. फोरमनला यावर विचारू नका, काम बंद पडतं.

कोरा कागद, जाणार असाल तर अक्रोपोलिस सकाळी लवकर उरका, मग वासिलिसिस सोफियास रस्त्यावरच्या बायझंटाईन संग्रहालयात जा. आणि स्पार्टापर्यंत गेलात तर लिओनिदासच्या पुतळ्यापाशी वेळ घालवू नका, वर मिस्त्रासला चढा. चढ दमवतो, पाणी बरोबर ठेवा.