‘स्वतंत्र झाल्या’, ‘मुक्त झाल्या’ की ‘फारकत घेतली’?

परभणीकर: शाळेत इतिहास शिकवतो. ‘अमेरिकेतल्या तेरा वसाहती ब्रिटनपासून...’ या वाक्याला क्रियापद कोणतं लावावं? ‘स्वतंत्र झाल्या’ म्हटलं की पोरं विचारतात, मग आपल्याकडं मराठवाड्यात १७ सप्टेंबरला ‘मुक्ती’ कशी, स्वातंत्र्य का नाही? ‘फुटून निघाल्या’ला फितुरीचा वास येतो. शिवाय ‘वसाहत’ म्हटलं की निम्म्या वर्गाच्या डोळ्यापुढं एमआयडीसीच येते.

नांदेडकर: एमआयडीसी आठवते त्यात पोरांचं काही चुकत नाही, सर. माणसं जाऊन राहिली की वसाहत. व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स तशाच: इंग्लंडातून लोक गेले, मूळच्यांना हुसकावून वस्ती केली. भारताला ‘इंग्रजांची वसाहत’ म्हणतो तेव्हा शब्द जरा ताणलेला असतो. इथं ते वसायला नाही, राज्य करायला आले होते. त्यामुळं दोन्हीकडच्या तुटण्याला एकच क्रियापद नीट बसत नाही.

१७ सप्टेंबरचं म्हणाल तर मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि ‘स्वतंत्र’ हा शब्द तिथल्या निझामानं आधीच उचलला होता. जून १९४७ मध्ये फर्मान काढलं, की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहणार. त्याच्याविरुद्ध लढणारे स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचं मागणं नेमकं उलट, भारतात विलीनीकरण. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या, १७ ला निझामानं हात टेकले. आता ‘हैदराबाद स्वतंत्र झालं’ असं लिहिलं तर निझामाचंच म्हणणं खरं झाल्यासारखं होईल! सुटका झाली ती लोकांची. संस्थानाचा मुलूख राज्य म्हणून १९५६ पर्यंत होताच. गोव्यातही १९६१ ला ‘मुक्ती’च म्हणतात.

लातूरकर: आमच्याकडं जुनी माणसं मुक्ती-बिक्ती म्हणत नव्हती, ‘पोलीस ॲक्शन’ म्हणायची. ‘पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलो’ हे किती जणांच्या तोंडून ऐकलंय. रणगाडे आले ते लष्कराचे, नाव मात्र पोलिसांचं. युद्ध म्हटलं असतं तर हैदराबाद हा वेगळा देश आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

बीडकर: अमेरिकेला माझ्या मते ‘फारकत’ शोभतो. फारकत घ्यायला आधी नातं लागतं, आणि ते होतं. भांडण पैशावरून पेटलं: १७६५ चा स्टॅम्प कायदा, ज्या संसदेत आपला एकही माणूस नाही तिनं बसवलेला कर. ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा उघडून बघा, राजाविरुद्धच्या तक्रारींची ही लांबलचक यादी. फारकतीचा कागदच तो. समोरच्यानं त्यावर सही केली १७८३ ला, पॅरिसच्या तहात. म्हणून ‘१७७६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं’ हे मला खटकतं. जाहीर केलं १७७६ ला, पदरात पडलं सात वर्षं लढून.

हैतीला मात्र हा शब्द अजिबात लावू नका. तिथं गुलामांनी फ्रेंच फौजेला हरवून १ जानेवारी १८०४ ला देश उभा केला. मालकाशी कसली आलीय फारकत? तिथं मुक्ती आणि स्वातंत्र्य दोन्ही एकदम.

परभणीकर: पटलं, पण वर्गात ‘फारकत’ म्हणालो तर मागच्या बाकापर्यंत हशा पिकेल; गावात त्याचा अर्थ काडीमोडच. ‘संबंध तोडून स्वातंत्र्य जाहीर केलं’ असं लिहितो. अजून एक, जुन्या पुस्तकांत ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ असतं. आमच्या पोरांना संस्थान म्हणजे निझाम, नाहीतर देवस्थान.

नांदेडकर: ‘संयुक्त राज्ये’ लिहा, आणि अनेकवचन सोडू नका. जाहीरनाम्यातही ‘स्वतंत्र राज्ये’ असंच आहे, एक राष्ट्र नाही. तेरा जणांची मोट आधी सैलच होती. घट्ट बांधणारी राज्यघटना लिहिली गेली १७८७ ला, अमलात आली १७८९ ला. ‘१७७६ मध्ये नवं राष्ट्र जन्माला आलं’ हे वाक्य फळ्यावर असेल तर तेही जरा घाईचंच आहे, सर.