माध्यमिक शाळेतला विज्ञानाचा तास : आपले अनुभव लिहावेत

ओसरी
लेकाची नववीची प्रयोगवही काल चाळली. सगळी निरीक्षणे अचूक, कारण ती फळ्यावरून उतरवलेली. आमच्या बाईंनी नववीत दगडाला दोरा बांधून तो वर्गाच्या कडीला टांगायला लावला होता. १ मीटर लांबीच्या लंबकाची २० आंदोलने साधारण ४० सेकंदांत व्हायला हवीत. आमची ४१ सेकंदांत झाली. मी गुपचूप ४० लिहिले, तेव्हा बाईंनी ते खोडून ४१ लिहायला लावले आणि तो एक सेकंद कुठून आला ते शोधायला सांगितले. दोन दिवसांनी उमगले, की आम्ही दोरा गाठीपर्यंत मोजला होता, दगडाच्या मध्यापर्यंत नव्हे.

माळावरचा
जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होते. गुरुजींनी पानटपरीवरून चुना आणवला, रात्रभर पाण्यात ठेवून वरची निवळी काढली आणि आम्हाला नळीने तीत फुंकायला लावले. ती दुधाळ होते, हे पुस्तकात होतेच. पण एक पठ्ठ्या पैज लावल्यासारखा फुंकतच राहिला आणि पाणी पुन्हा निवळले, हे आम्ही वाचलेले नव्हते. गुरुजींनी तेच पाणी उकळायला सांगितले. त्यावर पुन्हा पांढरी साय धरली, तेव्हा विहिरीच्या पाण्याने आईच्या पातेल्याला बसणारा थर हाच, हे कळले.

कपिला
आमच्याकडे सुसज्ज प्रयोगशाळा होती, परंतु २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, रामन यांच्या तसबिरीला हार घालण्यापुरतीच ती उघडत असे. परीक्षानळी प्रथम हाती आली ती अकरावीत, आणि आली तशी फुटली.

ओसरी
कपिलाताई, भरपाई किती द्यावी लागली?

कपिला
अनामत रकमेतून परस्पर वजा झाली!

दोन नंबरचा बाक
दहावीला विज्ञानात मी जेमतेम काठावर होतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंकडे गॅसचा वास आला आणि त्या पंखा लावायला निघाल्या. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो आणि बटणाची ठिणगीही त्याला पुरते, हे सरांनी कारणासकट सांगितले होते, म्हणूनच मी काकूंचा हात धरू शकलो. रेग्युलेटर बंद केला आणि दारे सताड उघडली. काकूंना मात्र मी उद्धट वाटलो.

ओसरी
आज लेकाला दोरा आणि जुने कुलूप दिले. त्याचे ३९ सेकंद आले आहेत आणि दोष घड्याळाचा आहे, असे त्याचे म्हणणे आहे.