बीटलवेटचं हत्यार: आरपीएम वाढवलं आणि मारच गेला

धोटा_सोलापूर

नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर साखर पेठेत, खाली अप्पांचा टॉवेलचा कारखाना.

आमचा झुंजीचा रोबो बीटलवेटमधला, म्हणजे तीन पाउंडांच्या गटातला, १.३६ किलो. पुढं उभं फिरणारं पातं आहे, १३० मिमी लांब, २५ रुंद, ६ जाड. छोट्या टेम्पोच्या कमानीचा पाटा भंगारातून आणला, गॅस कटरनं कापला, ग्राइंडरनं घासला. दोन्ही टोकांना त्याच पाट्याचे तुकडे वेल्ड करून दात काढले. सगळं मिळून १६० ग्रॅम. मोटर २२१२ मापाची, १४०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १४०० फेरे). थ्री-एस (तीन सेलच्या) बॅटरीवर टॅकोमीटर धरला तर पातं ९,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, दाखवायचं. चाकांना एन२० ह्या छोट्या गिअरवाल्या मोटर, ६०० आरपीएमच्या, चाक ४० मिमीचं.

गेल्या महिन्यात पुण्याला एका कॉलेजच्या स्पर्धेत गेलो होतो. समोर साधा वेज (पुढं उतरता पत्रा असलेला रोबो), हत्यार वगैरे काही नाही. आमचं पातं लागतंय, दिवाळीसारख्या ठिणग्या उडतायत, पब्लिक खूश, आणि समोरचा जागचा हलेना! तीन मिनिटं आम्ही त्याच्या पत्र्याला नुसतं पॉलिश करून दिलं. शेवटी त्यानंच ढकलत नेऊन कोपऱ्यात दाबलं आणि गुणांवर हरलो.

परतीच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये ठरवलं की वेग वाढवायचा. फोर-एस बॅटरी घातली, पातं १२,००० वर गेलं. दुसरी पाळी सुटल्यावर कारखान्यातच टेस्ट घेतली. समोर अँगलचा तुकडा ठेवला होता. परत ठिणग्याच. तिसऱ्या वेळी एक दात वेल्डपासून सुटला आणि पॅकिंगच्या गठ्ठ्यात घुसला. कुणाला लागलं नाही, मी मागाच्या आड होतो. पण सात टॉवेल आरपार गेले. अप्पांनी एकेक उलगडून मोजले आणि माझ्या नावावर लिहिले.

तर विचारायचंय असं, की मार का लागत नाही? पातं जड करू का? आणि नवं कशाचं करू? स्पर्धेला दोन महिने आहेत. मोटरही आता चालू करताना अडखळते, वास येतो.

---

पार्सल_पार्कचौक

मोटर बदल बे आधी. २२१२ ड्रोनच्या पंख्यासाठी असते, लोखंड फिरवायला नाही. त्यात तू फोर-एस लावलास, वास नाही येणार तर काय येईल. २८३६ वगैरे टाक, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ५० अँपिअरची घे, पातं २५० ग्रॅमचं कर. विषय संपला.

आणि टॉवेल कुठल्या क्वालिटीचे होते? भोकवाले स्वस्तात देणार का?

---

वायरकट_काका

पार्सल, विषय संपत नाही रे एवढ्यात. मोटरचं तुझं बरोबर आहे, पण २५० ग्रॅम केलं तरी ह्याचं पातं घासतच राहणार.

मी चिंचोळी एमआयडीसीत वायरकट मशीन चालवतो, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून धातू कापतो. रोबो कधी केला नाही, पण तुमच्यासारख्या पोरांची पाती पुष्कळ कापून दिली आणि तीच पाती तुटून परत आलेलीही बघितली. त्यातून जे कळलं ते सांगतो.

धोटा, आधी हा हिशोब कर. तुझं चाक ४० मिमीचं, ६०० फेरे. म्हणजे गाडी सेकंदाला सव्वा मीटर चालते, तीही रिकामी. पातं १२,००० म्हणजे सेकंदाला २०० फेरे, दात दोन, म्हणजे सेकंदाला ४०० दात समोरून जातात. एक दात गेला आणि दुसरा आला तेवढ्यात तुझी गाडी पुढं सरकते किती? जेमतेम तीन मिमी. तेवढाच माल दातासमोर येतो. तीन मिमीत दात पकडणार काय आणि उचलणार काय? नुसता खरवडत जातो. तुझ्या ठिणग्या म्हणजे तेच. ९,००० वर हाच आकडा सव्वाचार मिमी होता. म्हणजे वेग वाढवून तू घास लहान केलास.

पात्यात ताकद नाही असं नाही. तुझ्या मापाच्या पात्यात ९,००० वर शंभरेक ज्यूल साठतात, १२,००० वर पावणेदोनशेच्या आसपास. वेगाचा वर्ग होतो ना. ताकद साठली, पण ती समोरच्याच्या अंगात जायला दार नाही.

आता एक दात काढून टाक. एकाच बाजूला दात, दुसऱ्या बाजूला आखूड पण जाड वजन. ९,००० ला एका दातानं साडेआठ मिमी होतात. चाकाच्या मोटर बदलून २२ मिमीवाल्या हजार आरपीएमच्या घातल्यास आणि चाक ५० मिमीचं केलंस, तर गाडी सेकंदाला अडीच मीटरच्या वर जाते आणि घास सतरा मिमीच्या घरात. आता दात पोटात शिरेल. म्हणजे हत्याराचा पहिला अपग्रेड चाकात आहे. एन२० तशाही तीन पाउंडांना कमजोरच.

वजन वाढवायची घाई करू नको. वाढवायचंच तर टोकाकडं वाढव. मधलं वजन मेलेलं असतं, ते नुसतं ओझं. तेच १५० ग्रॅम मध्यापासून दुप्पट लांब नेलेस तर साठवण चौपट होते. जाडी दुप्पट केलीस तर ती फक्त दुप्पट, आणि वजनाचं बजेट खलास.

आता पाटा. कमानीचा पाटा चांगलं पोलाद आहे, वाद नाही. पण तू गॅसनं कापलास, म्हणजे कडेला त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरवलंस. त्यावर वेल्ड केलंस, तेही पाटा आधी न तापवता. वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होऊन तडकते. तुझा दात वेल्डमधून तुटला नसणार, वेल्डच्या लगत तुटला असणार. तुकडा असेल तर बघ, तुटलेल्या जागी दाणेदार चमक दिसेल. हत्यारावर वेल्ड नको. दात आणि पातं एकाच तुकड्यातून निघालं पाहिजे.

एमएस (साधं मऊ पोलाद) घेऊ नको, पहिल्या फटक्यात केळं होईल. ईएन२४ ह्या मिश्र पोलादाची ८ मिमी प्लेट घे, हीट ट्रीटमेंटवाल्याकडून ४० ते ४५ एचआरसी (कडकपणाचं माप) करून आण आणि मग माझ्याकडं किंवा कुणाकडंही वायरकटला दे. वायरकटला कडक मालाचं वावडं नसतं आणि उष्णता न लागल्यामुळं पाणी जसंच्या तसं राहतं. फक्त तार ओवायला सुरुवातीचं भोक लागतं, ते प्लेट कडक व्हायच्या आधी पाडून घे. पोरं हे हमखास विसरतात आणि मग माझ्याकडं ड्रिल तोडत बसतात. ६० एचआरसी करा म्हणणारेही येतात. ते पातं धार छान धरतं आणि दोन तुकडे होऊन परत येतं. हार्डॉक्स ५०० ह्या आधीच कडक केलेल्या प्लेटचा कटपीस कुणाकडं मिळाला तर हीट ट्रीटमेंटचा खर्चच वाचला, पण तोही गॅसनं कापायचा नाही.

ड्रॉइंग करताना आतल्या कोपऱ्यांना गोलाई दे, निदान ३ मिमी. दाताच्या मुळाशी काटकोन ठेवलास तर भेग तिथूनच सुरू होते. माझ्याकडं आलेल्या तुटक्या पात्यांपैकी बहुतेक तिथंच गेलेली.

बॅलन्स. मधल्या भोकात घट्ट बुश बसवून सरळ रॉड घाल. दोन स्टीलच्या पट्ट्या कडेवर उभ्या कर, पाणसळ लावून लेव्हल कर आणि त्यावर रॉड ठेव. जड बाजू आपोआप खाली येते. ती थोडी घास, परत ठेव. कुठंही ठेवलं तरी जागेवर थांबलं पाहिजे. दोन ग्रॅमनं काय होतंय म्हणशील, तर ६ सेंमीवर दोन ग्रॅम जास्त असले की ९,००० ला अकरा किलोचा ओढा बसतो, सेकंदाला दीडशे वेळा. तुझ्या बेअरिंगनी काय पाप केलंय?

शेवटचं, पट्टा. मोटरच्या ३.१७ मिमीच्या शाफ्टवर थेट काही बसवू नको आणि दाताचा टायमिंग बेल्टही नको. अप्पांना विचार, मागावरच्या धोट्याला (दोरा इकडून तिकडं नेणाऱ्या शटलला) मारणारा पिकर चामड्याचा किंवा नायलॉनचा का असतो, लोखंडाचा का नाही? रोजचा मार खाणारी वस्तू स्वस्त आणि चटकन बदलता येणारी असावी लागते. तसा तुझा पट्टा घसरला पाहिजे. मागाच्या स्पेअरच्या दुकानात हिरवी गोल पीयू (पॉलियुरेथेन) दोरी मिळते, ५ मिमीची घे. मापापेक्षा शंभराला सात-आठ मिमी कमी काप, दोन्ही टोकं तापल्या सुरीवर एकदम वितळवून जोड, गार होईपर्यंत हलवू नको, मग फुगवटा ब्लेडनं काढ. फटका बसला की ती घसरते आणि मोटर वाचते. ओ-रिंगचं काम नाही हे.

टॉवेलचे पैसे अप्पांना दे.

---

उलटा_तरी_चालू

काकांनी यांत्रिक बाजू धुऊन काढली. मी पुण्यातून, ह्याच गटात खेळतो, वायरिंगचं सांगतो.

मोटर अडखळते कारण तिला सेन्सर नाही. थांबलेली असताना ईएससीला रोटर कुठाय ते कळत नाही, आणि पुढं जड पातं. मोटरच्या छोट्या पुलीवरून पात्याच्या मोठ्या पुलीवर निदान दीडपट घट ठेव. ईएससीत बीएलहेली सॉफ्टवेअर असेल तर स्टार्टअप पॉवरचं सेटिंग थोडं वाढव. स्टिक एकदम वर मारू नकोस, दोन सेकंदांत हळूहळू ने. आणि थ्री-एस वर परत ये. मोटर मोठी घेतलीस तरी आधी थ्री-एस.

उभ्या हत्याराचं आणखी एक दुखणं आहे. पूर्ण वेगात वळलास की एक चाक उचललं जातं. जायरोचा परिणाम आहे, वेगात फिरणारं पातं दिशा बदलायला विरोध करतं, टळत नाही. चाकांमधलं अंतर वाढव, शाफ्ट खाली घे, आणि वळताना हत्यार थोडं कमी करायची बोटांना सवय लाव.

वेजविरुद्ध दात आत शिरायचा तर आधी त्याला वर उचलायला हवं. पुढं जमिनीला घासणारे, बिजागरीवर हलणारे दोन काटे लाव. बॅटलबॉट्स ह्या अमेरिकेतल्या रोबो-झुंजीच्या टीव्ही स्पर्धेत २०१८ आणि २०१९ मध्ये जिंकलेला बाइट फोर्स बघ. गट २५० पाउंडांचा, पण डाव तोच: समोरच्याला उचलून हत्याराच्या तोंडाशी आणायचं.

आता रागावतो. मागाच्या आड उभं राहून टेस्ट? त्या पात्याचं टोक १२,००० ला ताशी जवळजवळ ३०० किलोमीटरनं जात होतं. १८ मिमी प्लायची झाकणवाली पेटी कर, बघायच्या बाजूला ६ मिमी पॉलिकार्बोनेट. अ‍ॅक्रिलिक नको, ते फुटून तुकडे उडतात. पात्यातून आरपार जाणारी लॉक-पिन पेटीत ठेवल्यावरच काढायची. फ्लायस्काय कंपनीचा रिमोट असेल तर फेलसेफ (सिग्नल तुटला की पातं बंद व्हायची सोय) सेट कर आणि रिमोट मुद्दाम बंद करून पातं थांबतंय का ते बघ. हे आधी पातं न लावता कर.

---

धोटा_सोलापूर

काका, दादा, पाच आठवड्यांनी येतोय, माफ करा. गड्ड्याची जत्रा मध्ये आली, मग परीक्षा.

तुटलेला दात गठ्ठ्यातून काढून ठेवलाच होता. काका, बरोबर वेल्डच्या लगत तुटलाय. दाणेदार, साखरेसारखा. वेल्ड स्वतः शाबूत.

नवं पातं ईएन२४, एक दात, १७० ग्रॅम. सुरुवातीचं भोक आधी पाडलं. वायरकट दुसरीकडून करून घेतलं, रागावू नका, त्यांच्याकडं उधारी चालते. पट्ट्यांवर बॅलन्स करायला पूर्ण रविवार गेला. आखूड बाजूच जड निघाली, घासून घासून चार ग्रॅम काढले. आता हात लावला तिथंच थांबतं. मोटर २८३६, थ्री-एस, पातं ८,८०० दाखवतं. चाकाच्या मोटरही बदलल्या. काटे अजून व्हायचेत.

पेटी केली. मागच्या बाजूला आतून ते सात टॉवेल घडी करून टांगलेत.

काल पहिली टेस्ट. समोर दीड किलोची एमएस चॅनेल मोकळी ठेवली आणि पेटीच्या भोकातून वायर काढून गाडी पुढं सोडली. ठिणगी एकच. चॅनेल उडून झाकणाला लागली, प्लायला आतून खड्डा पडला. दाताची खूण मोजली, चॅनेलच्या कडेला अकरा मिमी आत. पीयू दोरी घसरली, काळी पट्टी पडली, मोटर गार. आवाज ऐकून शेजारच्या कारखान्यातले दोन मागवाले बघायला आले. त्यांच्यासाठी परत करून दाखवलं.

दादा, फेलसेफ आधी चुकीचं होतं. रिमोट बंद केला की पातं अर्ध्या वेगावर जाऊन फिरतच राहायचं. बरं झालं सांगितलंत, मोटरला नुसती पुली होती तेव्हाच कळलं. वळताना डावं चाक उचलतंय, तेवढं राहिलंय. शाफ्ट ८ मिमी खाली घेतला तर दात जमिनीला लागतो, त्याचं काय करू?

आणि काका, दोरी दुकानातून आणायची राहिली होती, म्हणून घरातलीच घेतली. आज सकाळपासून अप्पा विचारतायत की कांडी मशीनचा पट्टा कुणी कापला. मी अजून काही बोललो नाही.

---

वायरकट_काका

शाफ्ट खाली घेऊ नको, चाकं दोन्हीकडं दहा-दहा मिमी बाहेर काढ.

दुकान दहा वाजता उघडतं. अप्पा कारखान्यात उतरायच्या आत नवा पट्टा लावून टाक.