अन्न सुरक्षा कायद्याचं मराठी संदर्भपान : कुठला मजकूर जुना, कुठला चुकीचा, कुठला काढून टाकायचा?

प्रश्न — माजिवडा_वाचक

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या खाद्यव्यावसायिकांसाठी (पोळीभाजी केंद्रं, घरगुती डबे, बचत गटांची लोणची-पापड, वडापावच्या गाड्या) आणि सोसायट्यांतल्या ग्राहकांसाठी अन्न सुरक्षा कायद्यावर सगळ्यांना वाचता येईल असं एक मराठी पान तयार होत आहे. नेटवर मराठीत शोधलं की जुन्या भेसळ कायद्याची कलमं, परवाना काढून देणाऱ्या एजंटांच्या जाहिराती किंवा छाप्यांच्या बातम्याच हाती लागतात. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) आधी काय काढून टाकावं? २) दंड-शिक्षेचा भाग कसा मांडावा? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो. ३) तक्रार कुठे करायची: महापालिका की एफडीए (राज्याचं अन्न व औषध प्रशासन)? आणि कलमांचं मराठी भाषांतर पानावर थेट टाकलं तर चालतं का?

---

उत्तर — कलम_उपकलम

१९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा वर्तमानकाळात लिहिलेला दिसला की तो परिच्छेद दुरुस्त करत बसू नका, उडवाच. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ९७ ने तो रद्द झाला. त्याच्यासोबत फळ उत्पादन आदेश १९५५, मांसजन्य पदार्थ आदेश १९७३, दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश १९९२ हेही गेले. नवे नियम आणि नियमावल्या ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाल्या. जुना मजकूर ओळखायला सोपी खूण म्हणजे नमुन्याचे ‘तीन भाग’ आणि ‘स्थानिक आरोग्य प्राधिकारी’. आता कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे (नमुना तपासणारा सरकारी तज्ज्ञ) आणि दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (इंग्रजीत डेझिग्नेटेड ऑफिसर) जातात. चौथा, व्यावसायिकाने मागणी केली तर, त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर व्यावसायिकाला पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. ही मागणी आणि हे अपील यांची माहिती मराठी पानांवर जवळपास नसतेच, आणि दुकानदाराला नेमकी तीच लागते.

दुसरी सरमिसळ २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याशी. तो रेशनचा कायदा आहे, भेसळीशी त्याचा संबंध नाही. पानाच्या पहिल्या परिच्छेदातच हे सांगून मोकळं व्हा.

आता मुख्य मुद्दा. संसदेचा कायदा, केंद्र सरकारचे नियम, अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमावल्या आणि आदेश-परिपत्रकं असे चार थर आहेत, आणि नेटवरच्या चुकांचं मूळ बहुतेक वेळा हे थर एकत्र कालवण्यात असतं. ‘कायद्यानुसार १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणी पुरे’ हे वाक्य सगळीकडे आहे. छोट्या व्यावसायिकांना परवान्याऐवजी नोंदणी पुरते असं सांगणाऱ्या कलम ३१(२) मध्ये असा आकडाच नाही. तो परवाना व नोंदणी नियमावली, २०११ मधला. तिथे छोट्या उत्पादकाची उलाढाल-मर्यादा १२ लाख आणि नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये असं ठरलं होतं. मर्यादा, शुल्क आणि मुदत तिन्ही नियमावलीत असल्यामुळे संसदेत न जाता अधिसूचनेने बदलता येतात. म्हणून ‘सध्या’ हा शब्द पानावरून हद्दपार करा. आकड्याशेजारी अधिसूचनेचं नाव, राजपत्राची तारीख आणि अंमलाची तारीख लिहा. या दोन तारखा बऱ्याचदा वेगळ्या असतात. लेबलिंग व डिस्प्ले नियमावली २०२० ची आहे, पण अंमल नोव्हेंबर २०२१ पासून. २०११ ची पॅकेजिंग-लेबलिंगची जुनी नियमावली अजून उद्धृत होते. ती आता दुभंगली आहे: पॅकेजिंग २०१८ च्या नियमावलीत, लेबलिंग २०२० च्या.

मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांतही गल्लत होते. हरकती मागवणारा मसुदा आला की दुसऱ्या दिवशी ‘नवा नियम लागू’ असा मथळा येतो. परिपत्रकांचं तर विचारूच नका. ए-१/ए-२ दुधाचे (दुधातल्या प्रथिनाच्या प्रकारावरून केलेले) दावे वेष्टनावरून काढा, असं २१ ऑगस्ट २०२४ चं परिपत्रक होतं. ते २६ ऑगस्टला मागे घेतलं. पाच दिवसांत! त्या आठवड्यात लिहिलेले लेख मात्र जसेच्या तसे फिरतायत.

शिक्षेसाठी तक्ता करा, पण दोन भाग वेगळे ठेवा. दिवाणी स्वरूपाचा दंड न्यायनिर्णय अधिकारी लावतो, तुरुंगवासाची शिक्षा न्यायालय देतं.

दंडाचा भाग (सगळ्या कमाल मर्यादा): कमी दर्जाचं अन्न, कलम ५१, ५ लाख. मिथ्याछाप (लेबलवर खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती), कलम ५२, ३ लाख. दिशाभूल करणारी जाहिरात, कलम ५३, १० लाख. अन्नात बाह्य पदार्थ, कलम ५४, १ लाख. अस्वच्छ जागेत तयार करणं, कलम ५६, १ लाख. मागितलं एक आणि दिलं दुसरं, कलम ५०, ५ लाख. पण कलम ३१(२) खालच्या छोट्या व्यावसायिकाला इथे कमाल २५ हजारच. गाडीवाल्याला ‘पाच लाख दंड होईल’ म्हणून घाबरवणारे एजंट हा परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) कधी सांगत नाहीत.

शिक्षेचा भाग म्हणजे असुरक्षित अन्नाचं कलम ५९. इजा झाली नसेल तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास (तरतुदींमध्ये सुधारणा) कायदा, २०२३ ने ते तीन महिने आणि ३ लाख केलं. किरकोळ इजेसाठी एक वर्ष व ३ लाख, गंभीर इजेसाठी सहा वर्षं व ५ लाख. मृत्यू झाल्यास किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख. जनविश्वासने कलम ६१ आणि ६३ मध्येही बदल केले आहेत, त्यामुळे २०२३ पूर्वीच्या कुठल्याही लेखातून शिक्षेचा तक्ता उचलू नका. इंडिया कोडवरची (केंद्र सरकारचं कायद्यांचं संकेतस्थळ) सुधारित प्रत उघडा आणि तळटीपा वाचा, दुरुस्तीची नोंद तिथेच असते.

एक राहिलं. भेसळीसाठी भारतीय दंड संहितेची कलमं २७२-२७३ देणारी पानं दोन कारणांनी जुनी झाली. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची २७४-२७५ आली. त्याआधीच राम नाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात (फेब्रुवारी २०२४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ लागू होतं तिथे त्याच कायद्याच्या कलम ८९ मुळे तेच वरचढ, दंड संहितेची ती कलमं सोबत लावता येत नाहीत.

---

उत्तर — खाडीपलीकडे

तक्रारीचं सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी महाराष्ट्रात राज्याचं अन्न व औषध प्रशासन करतं, महापालिका नाही. महापालिकेचा परवाना १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखालचा; तो असला म्हणून अन्न परवान्यातून सुटका नाही आणि उलटही नाही.

पानावर ‘नवी मुंबई’ असा एकच रकाना करू नका, इथेच लोक चुकतात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. त्यांचं कार्यालय ठाण्यात, वागळे इस्टेटला. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे हे रायगडमध्ये, त्यांचं कार्यालय पेणला. खारघरच्या हॉटेलची तक्रार ठाण्यात दिली तर पुढे पाठवण्यात दिवस जातात आणि तोवर पदार्थ शिल्लक नसतो. जुन्या पानांवर वसई-विरारही ठाण्यात दिसेल. १ ऑगस्ट २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे.

रेल्वे स्थानकाच्या हद्दीतल्या स्टॉलसाठी रेल्वेचेच अधिकारी असतात. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे, वजनात मारलेला काटा या तक्रारी वैधमापनशास्त्र विभागाच्या, एफडीएच्या नाहीत. एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

तक्रारीत काय लिहायचं तेही द्या: दुकानाचा पूर्ण पत्ता, खरेदीची तारीख-वेळ, बिल, बॅच क्रमांक आणि १४ अंकी परवाना क्रमांक. तो क्रमांक वाचायला शिकवा. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन राज्याचे (महाराष्ट्र १५, केंद्रीय परवान्याला ००), त्यापुढचे दोन वर्षाचे. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणं बंधनकारक आहे. फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर टाकला की नाव-पत्ता जुळतो का ते कळतं. नाव एक आणि दुकान दुसरंच, हे तिथेच उघडं पडतं.

---

उत्तर — नेरूळ_पूर्व

भाषांतराबद्दल थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२(१)(थ), इंग्रजीत क्यू, पाहा. राजपत्रातला मजकूर पुन्हा छापता येतो. अधिनियम छापायचा तर सोबत तुमची टीका-टिप्पणी किंवा स्वतःचा मजकूर हवा. त्याच्या पुढचंच उपकलम भारतीय भाषेतल्या भाषांतराचं. सरकारने त्या भाषेत भाषांतर केलेलं नसेल, किंवा केलेलं असूनही ते विक्रीला उपलब्ध नसेल, तरच तुमचं चालतं. आणि ते सरकारने अधिकृत मानलेलं नाही, असं ठळक जागी लिहावं लागतं. खासगी प्रकाशकांच्या टीपांसह पुस्तकातून उचलाल तर टीपा त्यांच्या मालकीच्या. तिथे गोत्यात याल.

ग्राहकांसाठी अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० जरूर घाला. कुणीही खरेदीदार शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच आहे आणि तिथेच सगळे अडतात: तपासणी करणार आहोत हे खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. अहवाल विरोधात गेला तर शुल्क परत मिळतं. घरी आणून, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून नेलेल्या पनीरला या कलमाचा आधार नाही.

---

माजिवडा_वाचक

भरपूर मिळालं, आभार. मसुद्यातली दोन वाक्यं तपासून द्याल का?

क) ‘महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर कायमची बंदी आहे.’
ख) ‘नोंदणीचा अर्ज केल्यावर प्रमाणपत्र येईपर्यंत धंदा सुरू करता येत नाही.’

---

उत्तर — कलम_उपकलम

दोन्ही बदला.

क) ‘कायमची’ काढा. बंदी अन्न सुरक्षा आयुक्तांच्या आदेशाने, कलम ३०(२)(क) खाली होते आणि असा आदेश जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो. वाक्य असं करा: ‘गुटख्याच्या उत्पादन, साठवण, वितरण व विक्रीवर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी असून त्यासाठी दरवर्षी नवा आदेश निघतो.’ खाली चालू आदेशाची तारीख द्या आणि पानाच्या देखभालीत जुलैची आठवण लावून ठेवा.

ख) २०११ च्या नियमावलीत छोट्या व्यावसायिकाच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा किंवा तपासणीची नोटीस काढायची, असं आहे. सात दिवसांत नोंदणी, नकार, नोटीस यातलं काहीच झालं नाही, किंवा ३० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर धंदा सुरू करता येतो. परिशिष्ट ४ मधले स्वच्छतेचे निकष मात्र पहिल्या दिवसापासून पाळायचे. परवान्याची प्रक्रिया वेगळी आहे, तिथे ६० दिवस. दोन्ही एका वाक्यात आणू नका. आणि अर्जाची पोचपावती, संदर्भ क्रमांकासह, छापून दुकानात ठेवायला सांगा. दिवस मोजायला तोच एक पुरावा असतो.