बॉक्सर आणि लहान मूल : माझा अनुभव
घरात तीन वर्षांचं मूल आहे, बॉक्सर जातीचं कुत्रं चालेल का, असं तुम्ही विचारलंय. स्वभावाची धास्ती घेऊ नका. आमची राणी नऊ वर्षं आमच्याकडे होती, माझी मुलगी तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. फक्त पहिली दोन-तीन वर्षं हे कुत्रं वारं प्यायल्यासारखं उधळतं, आनंदात पुढचे पाय अंगावर टाकतं. पंचवीस-तीस किलोंच्या धक्क्याने मूल सहज पडतं, म्हणून दोघांना एकटं सोडू नका.

खरी काळजी उन्हाची. नाक बसकं असल्याने धापा टाकून अंग थंड करणं त्यांना नीट जमत नाही. एकदा एप्रिलमध्ये राणीला सकाळी साडेनऊला फिरवून आणलं, तर जीभ जांभळट आणि लाळ चिकट, दोरीसारखी. अंगावर साधं पाणी ओतलं, पंखा लावला आणि लगेच डॉक्टरांकडे नेलं. वाचली. चूक माझीच होती. त्यानंतर उन्हाळ्यात फिरणं उजाडायच्या आत.

आणखी एक. हृदयाचे ठोके बिघडण्याचा आनुवंशिक आजार या जातीत आढळतो. खेळता खेळता भोवळ येऊन पडलं तर 'दमलं असेल' म्हणून सोडू नका, ईसीजी काढा, जमल्यास चोवीस तासांचं होल्टरही (अंगाला बांधून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र). अंगावर गाठ लागली तर डॉक्टरांकडून सुईने नमुना काढून तपासून घ्या, कर्करोगाच्या गाठी यांच्यात बऱ्याच होतात.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आईबापांच्या हृदयतपासणीचे कागद मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथून सरळ उठा.